एकाच नाकपुडीची सर्दी

पावसाळा लागला की घरोघरी मुलांची नाके वाहू लागतात. आई पदराने नाक पुसते. आजी ओवा तव्यावर भाजून त्याची पुरचुंडी हुंगायला देते. आठ-दहा दिवसांत पोर पुन्हा अंगणात खेळू लागते. लहान मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

मग सर्दीवर धडा कशाला, असे कुणी विचारील. आम्ही शाळेत पुष्कळ वर्षे मुले पाहिली. नाक वाहणारे मूल आणले की पालक म्हणत, "अहो गुरुजी, त्यात काय एवढं! पोराचं नाक वाहायचंच." शंभरातल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत हे बोलणे खरेही असते. पण एखाद्या मुलाच्या बाबतीत ते खरे नसते. त्याचा आजार नाकाचा दिसतो, पण त्याचे मूळ असते गालाच्या हाडात. असे आजार फार थोड्या मुलांना होतात. थोड्यांना होतात म्हणूनच ते चटकन ध्यानात येत नाहीत, नि मूल वर्ष-दोन वर्षे सर्दीची औषधे घेत राहते. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी, अशातली गत होते.

हे आजार ओळखायची पहिली खूण सोपी आहे. ती कळायला डॉक्टर व्हावे लागत नाही. साधी सर्दी दोन्ही नाकपुड्यांना होते. आजार एकाच नाकपुडीचा असेल नि तो हटत नसेल, तर ती साधी सर्दी नव्हे. हे एक वाक्य ध्यानात राहिले तरी हा धडा वाचल्याचे सार्थक झाले असे समजा. आता ते का, हे नीट पाहू.

गालातली खोली

आपल्या चेहऱ्याचे हाड भरीव नाही. नाकाच्या दोन्ही अंगांना, डोळ्यांच्या खाली नि वरच्या दाढांच्या वर, हाडात एकेक पोकळी असते. तिला गालाची पोकळी म्हणू. डॉक्टर तिला सायनस म्हणतात. कपाळात नि डोळ्यांच्या मध्येही अशा पोकळ्या असतात, पण गालाची सर्वांत मोठी. मोठ्या माणसाच्या एका गालाच्या पोकळीत सुमारे १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे पाणी मावेल.

ही पोकळी एखाद्या खोलीसारखी आहे असे समजा. खोलीचे छत म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ. खोलीची जमीन म्हणजे वरच्या दाढांची मुळे ज्यात रुतलेली असतात ते हाड. आतली भिंत नाकाला लागून. त्या भिंतीत एक बारीक दार आहे, ते नाकात उघडते. म्हणून या खोलीत काही बिघडले तर त्याची खूण नाकात दिसते, गालावर दिसते, दातांत दिसते, नाहीतर डोळ्याशी दिसते. हे चार शेजारी ध्यानात ठेवा.

त्या दाराची एक गंमत आहे. ते खोलीच्या तळाशी नाही, वर छताजवळ आहे. रांजणाचे भोक तळाशी असेल तर पाणी आपोआप वाहून जाईल. गळ्यापाशी असेल तर कसे जाईल? निसर्गाने याची सोय केली आहे. पोकळीच्या आतल्या नाजूक अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती एकसारखी हलते नि आत पाझरणारा पातळ शेंबूड झाडूने लोटावा तसा वर दाराकडे लोटते. दार बंद पडले, किंवा लव काम करीनाशी झाली, की शेंबूड आत साचतो. साचलेल्या डबक्यात किडे होतात, तसे साचलेल्या शेंबडात जंतू वाढतात.

ही पोकळी पूर्वीच्या लोकांना फारशी ठाऊक नव्हती. इटलीचा प्रसिद्ध चित्रकार लिओनार्दो दा विंची याने १४८९ साली कवटी कापून तिची चित्रे काढली, त्यांत ही पोकळी दिसते. पुढे १६५१ साली इंग्लंडमधील नॅथानिएल हायमोर या डॉक्टराने तिचे वर्णन आपल्या ग्रंथात छापले. त्याने एका बाईची हकीकत दिली आहे. तिचा वरचा दात काढला होता, तरी त्या जागेतून पू येणे थांबेना. तिने कंटाळून त्या भोकात एक सोललेले पीस घातले. ते जवळजवळ सगळेच्या सगळे आत गेले! बाई भ्याली. तिला वाटले, पीस मेंदूत शिरले. हायमोरने पाहिले तो काय, पीस मेंदूत गेलेच नव्हते. ते गालाच्या पोकळीत वळून बसले होते. दात नि गालाची पोकळी यांचा शेजार किती जवळचा, हे या गोष्टीवरून कळते.

मूल लहान, खोलीही लहान

मोठ्यांच्या नि मुलांच्या चेहऱ्यात एक मोठा फरक आहे. जन्मलेल्या बाळाच्या गालात ही पोकळी जेमतेम वाटाण्याएवढी असते. पहिल्या तीन वर्षांत ती झपाट्याने वाढते. मग सातव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत पुन्हा झपाट्याने वाढते. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिचा तळ नाकाच्या तळाच्या बरोबरीला येतो. तोपर्यंत तिच्या खाली हाडात पक्क्या दातांचे कोंब दाटीवाटीने बसलेले असतात.

यामुळे मुलांचे निदान अवघड होते. साधा क्ष-किरण फोटो काढला नि गालाची एक बाजू पांढुरकी दिसली, तर "आत पू आहे" असे म्हणण्याचा मोह होतो. पण साध्या सर्दीतही ती बाजू पांढुरकी दिसते. कधी कधी निरोगी मुलाच्या फोटोतही तशी दिसते. एखाद्या मुलाची एका बाजूची पोकळी जन्मतःच लहान राहिलेली असते. तीही फोटोत अंधूक दिसते, नि पू नसताना पू आहे असे वाटते. म्हणून मुलाच्या सर्दीसाठी फोटो काढावा असा आग्रह डॉक्टरांपाशी धरू नये. फोटोपेक्षा मुलाकडे नीट पाहणे महत्त्वाचे.

साधी सर्दी कोणती?

साध्या सर्दीत दोन्ही नाकपुड्या वाहतात. शेंबूड आधी पाण्यासारखा असतो, मग दाट पिवळा किंवा हिरवट होतो, मग कमी होतो. शेंबूड पिवळा झाला म्हणजे लगेच भारी औषधे हवीत असे नाही. दहा दिवसांत बहुतेक सर्दी ओसरते.

तीन वेळा मात्र डॉक्टरांकडे जावे. दहा दिवस झाले तरी काहीच उतार नाही, ही एक वेळ. बरे वाटू लागले नि पुन्हा ताप येऊन जास्त झाले, ही दुसरी वेळ. सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस जोराचा ताप नि दाट पिवळा शेंबूड आहे, ही तिसरी वेळ. या तिन्ही वेळी पोकळीत जंतूंचा जोर झालेला असू शकतो. हा आजार नेहमीचा आहे, नि योग्य औषधाने तो बरा होतो. आपला विषय याच्या पुढचा आहे.

एक नाकपुडी बंद

एकच नाकपुडी वाहते, तिला घाण वास येतो, नि मूल दोन ते पाच वर्षांचे आहे. अशा वेळी पहिला संशय घ्यावा तो खेळताना नाकात काही घातल्याचा. हरभरा, चिंचोका, मणी, खडूचा तुकडा, स्पंजाचा तुकडा, काय वाटेल ते मुले नाकात कोंबतात नि मार बसेल म्हणून सांगत नाहीत. हा आजार गालाचा नव्हे, पण दिसतो तसाच. घरी चिमट्याने किंवा पिनेने काढू जाऊ नये, वस्तू आणखी आत जाते. त्यातही घड्याळात किंवा खेळण्यात असते ती बटणासारखी चपटी बॅटरी नाकात गेली असेल, तर तासाभराचाही वेळ घालवू नका. ती काही तासांतच नाकाचा पडदा जाळते. नाकात थेंबही घालू नका, तडक दवाखाना गाठा.

नाकात वस्तू नाही, तरी एक बाजू बंदच आहे, असेही होते. आमच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पाचवीत एक मुलगा होता. त्याचे तोंड सदा उघडे. वर्गात पेंगायचा. बोलणे गेंगाणे. मुले त्याला हसत, नि एक मास्तर त्याला "तोंड मीट" म्हणून दटावीत. घरचे सांगत की तो रात्री घोरतो, दोन वर्षे सर्दीची औषधे चालू आहेत. त्याची आई मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगे, "याची डावी नाकपुडी कधीच उघडत नाही हो." त्या माउलीचे बोलणे शेवटी जिल्ह्याच्या गावी एका डॉक्टरांनी मनावर घेतले. त्यांनी मुलाला तोंड उघडायला लावले. पडजिभेच्या मागे एक गुळगुळीत, फिकट करडा गोळा लोंबत होता.

हा गोळा नाकातला नव्हता. त्याचे मूळ डाव्या गालाच्या पोकळीत होते. पोकळीचे अस्तर एका जागी फुगते, त्याची पाण्याने भरलेली पिशवी होते. ती पोकळीच्या दारातून नाकात येते नि देठ लांबवीत नाकाच्या मागे घशापर्यंत जाते. वेलीला भोपळा लोंबावा तसा. डॉक्टर याला अँट्रोकोअॅनल पॉलिप म्हणतात. जर्मनीतील डॉक्टर गुस्ताव किलियन यांनी १९०६ साली या गोळ्याचे मूळ गालाच्या पोकळीत आहे हे दाखवून दिले. मोठ्या माणसांच्या नाकातल्या मोडांत हा प्रकार क्वचित असतो, मुलांत मात्र त्याचे प्रमाण बरेच जास्त आहे.

हा गोळा कर्करोगाचा नसतो. पण तो गोळीने किंवा थेंबाने विरघळतही नाही, तो काढावाच लागतो. बाहेर दिसतो तेवढाच ओढून काढला तर तण खुरपल्यासारखे होते, मूळ आत राहते नि पुन्हा वाढते. म्हणून आता नाकातून बारीक दुर्बीण घालून, पोकळीतल्या मुळासकट तो काढतात. पूर्वी ओठाच्या आतून हाड फोडून पोकळी उघडीत. मुलांच्या हाडात दातांचे कोंब असतात, त्यांना त्यात धोका असे. दुर्बिणीमुळे तो टळला. त्या मुलाची शस्त्रक्रिया झाली. पुढच्या सत्रात तो तोंड मिटून बसू लागला. पेंगणेही थांबले. मुलगा आळशी नव्हता. त्याला रात्रभर श्वासच पुरत नव्हता.

दात आला नाही, गाल मात्र वर आला

आता दुसरा शेजारी, दात. दहा-बारा वर्षांच्या मुलाचा एक गाल हळूहळू वर येतो. दुखत नाही, ताप नाही. लोक म्हणतात, पोर बाळसे धरते आहे. पण बाळसे एकाच गालाला कसे धरेल?

अशा वेळी मुलाचे दात मोजावेत. दुधाचा दात पडून पुष्कळ दिवस झाले, शेजारचा दात आला, हा मात्र आला नाही, असे दिसते का? तसे असेल तर तो पक्का दात हाडातच अडकलेला असतो. कधी त्याच्या माथ्याभोवती पाण्याची पिशवी तयार होते. ती फुगत फुगत गालाच्या पोकळीत शिरते नि दातालाही वर ढकलते. असा दात थेट डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी सापडल्याची उदाहरणे आहेत. सगळ्या दातांचा एकत्र फोटो काढला की हे कळते. दातांचे शल्यवैद्य ती पिशवी काढतात. काही वेळा पिशवीला नुसती खिडकी पाडून दाताला खाली यायला वाट करून देतात. म्हणून गाल सुजला नि नाकात काही सापडेना, तर दातांच्या डॉक्टरांनाही दाखवावे.

चिकट बुरशी

हवेत बुरशीची बीजे सगळीकडे असतात. श्वासाबरोबर ती आपल्या नाकात जातात नि निघूनही जातात. काही मुलांना, विशेषतः वयात येणाऱ्यांना, त्यांचे वावडे असते. मग पोकळीत मोड वाढतात नि गुळाच्या पाकासारखा चिकट, तपकिरी-हिरवट शेंबूड साचतो. उष्ण नि दमट हवेच्या मुलखात हा आजार जास्त दिसतो, आपल्या देशातही दिसतो. मोठ्या माणसांपेक्षा मुलांत तो एका बाजूला असण्याचा संभव अधिक. साचलेला ऐवज दाबून दाबून हाड पातळ करतो. एक डोळा पुढे आलेला दिसतो, नि घरच्यांना वाटते डोळ्याचाच आजार आहे. यात शस्त्रक्रिया करून पोकळी साफ करावी लागते, नंतरही पुष्कळ दिवस औषध नि तपासणी चालू ठेवावी लागते.

२०२१ साली करोनाच्या साथीत काळ्या बुरशीचे नाव महाराष्ट्रात घरोघरी झाले. ती बुरशी वेगळी. ती मुख्यतः मधुमेह असलेल्या मोठ्या माणसांना झाली. मुलांना ती क्वचित होते. पण मुलाला मधुमेह असेल किंवा कर्करोगाची औषधे चालू असतील, नि गाल सुजून दुखू लागला, टाळू किंवा नाकाची कातडी काळी पडली, तर एका दिवसाचाही विलंब नको.

रक्त, हाड नि वाढती गाठ

वयात येणाऱ्या मुलग्याची एक नाकपुडी बंद आहे नि तिच्यातून वरचेवर भळाभळा रक्त येते. उन्हाने घोळणा फुटला असे सगळे म्हणतात. पण नाकाच्या अगदी मागे रक्तवाहिन्यांची एक गाठ असू शकते. ती मुलग्यांनाच होते म्हटले तरी चालेल. ती कर्करोगाची नसते. वाढताना ती गालाच्या पोकळीची मागची भिंत पुढे ढकलते, नि स्कॅनमध्ये ही ढकललेली भिंत पाहूनच डॉक्टर तिला ओळखतात. या गाठीचा तुकडा तपासायला काढू नये, कारण रक्त थांबवणे जड जाते. निदानाचा क्रम का पाळायचा, ते यावरून कळेल.

काही मुलांत गालाचे हाडच वर्षानुवर्षे सावकाश फुगते. चांगल्या हाडाच्या जागी कच्चे, तंतूंचे हाड तयार होते. स्कॅनमध्ये ते दुधी काचेसारखे दिसते. हाही कर्करोग नव्हे. बहुधा मूल वयात आल्यावर वाढ मंदावते. डोळ्याला किंवा श्वासाला त्रास नसेल, तर डॉक्टर पुष्कळदा नुसते लक्ष ठेवतात.

फार क्वचित मात्र तो कर्करोगही असतो. त्याची खूण म्हणजे वेग. सूज वर्षांत नव्हे, आठवड्यांत वाढते. दात हलू लागतात, गाल बधिर होतो, डोळा ढकलला जातो. नाव ऐकून हातपाय गाळू नयेत. मुलांचे बरेच कर्करोग औषधांनी बरे होतात, पण लवकर गेले तर. आफ्रिकेतील युगांडा देशात डेनिस बर्किट नावाचे शल्यवैद्य होते. १९५७ साली त्यांनी जबड्याला अनेक ठिकाणी सूज असलेले एक मूल पाहिले. थोड्या दिवसांनी तसेच दुसरे पाहिले. त्यांनी ते सोडून दिले नाही. नोंदी केल्या, इतर गावी विचारणा केली, नि १९५८ साली त्या आजाराचे वर्णन छापले. आज तो बर्किट यांच्या नावाने ओळखला जातो. झपाट्याने वाढणारा हा कर्करोग औषधांना चांगली दाद देतो. जवळ भारी यंत्रे नव्हती. दोन मुलांच्या चेहऱ्यांतले साम्य त्यांच्या नजरेने टिपले, तिथून सगळे सुरू झाले.

तान्हे बाळ

तान्ह्या बाळाच्या एका गालावर नि त्याच बाजूच्या डोळ्याखाली लाल सूज, ताप, दूध न पिणे, नाकपुडीतून किंवा हिरडीतून पू. हे दिसले तर वरच्या जबड्याच्या हाडात जंतू शिरले असण्याचा संभव असतो. आजार फार दुर्मिळ, पण फार घातक. डोळ्याचा आजार समजून नुसते डोळ्यात थेंब घालीत बसू नये. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे. वेळेवर शिरेतून औषध मिळाले तर बाळ वाचते.

दोन्ही बाजू, पण जन्मापासून

आमच्या नियमाला एक पोटनियम आहे. नाक दोन्ही बाजूंनीच वाहते, पण जन्मल्यापासून कधी कोरडे झालेच नाही नि ओला खोकलाही कायम आहे, असे एखादे मूल असते. त्याच्या पोकळीतली ती लवच जन्मतः नीट हलत नसते. अशा मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांचे हृदय उजव्या बाजूला असते! स्वित्झर्लंडमधील डॉक्टर कार्टागेनर यांनी १९३३ साली या जोडीचे सविस्तर वर्णन केले.

दुसरे असे की, लहान मुलाच्या दोन्ही नाकपुड्यांत मोड दिसले, छाती वरचेवर भरते, वजन वाढत नाही, नि पापा घेताना कातडी खारट लागते, तर डॉक्टर त्याच्या घामातले मीठ मोजायला सांगतात. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जन्मजात आजार या परीक्षेने कळतो. नाकाच्या आजारासाठी घाम कशाला तपासता, असे म्हणून ती टाळू नये.

डॉक्टर निदान कसे करतात?

पहिली पायरी विचारण्याची. कोणती बाजू? किती दिवस? वास येतो का? रक्त येते का? सूज दुखते का? किती वेगाने वाढली? याची उत्तरे आईबापांपाशीच असतात. म्हणून जाण्यापूर्वी ती कागदावर लिहून न्यावीत. आता आपल्याला लिहिता येते, त्याचा असा उपयोग करावा. मुलाचा जुना फोटो असेल तर तोही न्या, चेहरा केव्हापासून बदलला ते कळते.

दुसरी पायरी पाहण्याची. डॉक्टर नाक, टाळू, दात, डोळे पाहतात, गाल चाचपतात. कधी एका बाजूचा डोळा पुढे नव्हे, उलट आत गेलेला दिसतो. पोकळीचे दार पक्के बंद होऊन आतली हवा शोषली गेली की भिंती आत ओढल्या जातात, नि डोळ्याचा तळ खचतो. यात दुखत काहीच नाही. मुलांत हे फारच विरळा, पण नुसत्या पाहण्याने संशय येतो.

तिसरी पायरी दुर्बिणीची. नाक बधिर करून पेन्सिलीहून बारीक नळी आत घालतात नि गोळा कुठून निघतो ते पाहतात.

चौथी पायरी सीटी स्कॅनची. हाउन्सफील्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअराने हे यंत्र तयार केले. १९७१ साली पहिल्या रुग्णाची तपासणी झाली, नि १९७९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पावाच्या चकत्या कापाव्या तशा चकत्यांतून हाड दिसते. यात क्ष-किरण लागतात, म्हणून मुलांचा स्कॅन गरज असेल तेव्हाच काढतात. जुना स्कॅन जपून ठेवा, म्हणजे पुन्हा काढावा लागणार नाही. गाठ आहे की नुसता साचलेला शेंबूड, हे कळायला कधी एमआरआय करतात. त्यात क्ष-किरण नसतात.

पाचवी नि शेवटची पायरी तुकडा तपासण्याची. गाठीचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पक्के नाव ठरते. पण आधी स्कॅन, मग तुकडा. रक्ताच्या गाठीची गोष्ट वर सांगितलीच आहे.

आपण काय करावे?

मुलाची एकेक नाकपुडी बोटाने अलगद दाबून, दुसऱ्या नाकपुडीखाली आरसा धरावा. श्वास आला तर आरशावर वाफ धरते. दोन-तीन आठवडे एकीकडे वाफ नाहीच, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत नि सरकारी शाळेत मुले तपासायला येते. पथक आले की मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका, नि तुमची शंका बाईंना किंवा मास्तरांना आधी सांगून ठेवा.

बाळाच्या नाकात तेल घालू नये, ते फुप्फुसात उतरते. गालाच्या सुजेवर बिब्बा किंवा तापलेले काही लावू नये. नाकातले मांस जाळून देतो म्हणणाऱ्याच्या हाती मूल देऊ नये. डोळा सुजला, डोळा हलेना, एकाची दोन दिसू लागली, किंवा तापात जोराची डोकेदुखी, उलट्या नि गुंगी आली, तर उद्याची वाट पाहू नये. रात्र असली तरी निघावे.

दुखणे हत्तीच्या पावलाने येते म्हणतात. हे आजार मात्र येताना मुंगीच्या पावलाने येतात. म्हणून पाहणारा डोळा घरचाच हवा. मुलाच्या चेहऱ्याकडे त्याच्या आईइतके दुसरे कुणी पाहत नाही. तिने "एकाच बाजूला आहे" असे सांगितले, तर घरातल्यांनी, मास्तरांनी नि डॉक्टरांनीही ते ऐकावे.

सांगा पाहू

१. गालाच्या पोकळीचे चार शेजारी कोणते?
२. तुमच्या घरातल्या मुलाच्या दोन्ही नाकपुड्यांतून श्वास येतो का? आज रात्री आरसा धरून पाहा.
३. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी कागदावर काय काय लिहून न्याल?